नाखव्याचं एकच क्रियापद

एखाद्या क्रियापदावर माणसाने किती जीव लावावा याचा विक्रम कुठे नोंदवत असतील, तर तो आमच्या घरमालकांच्याच नावावर असणार. क्रियापद स्पॅनिश होतं आणि घरमालक व्याकरणाचे पंडित नव्हते, करावे गावचे कोळी होते. पुढे जिथे नवी मुंबई उभी राहिली तिथे तेव्हा भातखाचरं, मिठागरं आणि खाडीचा चिखल होता. साठ सालाच्या आसपास मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि यांच्या ओटीलगतच्या खोलीत बिऱ्हाड केलं. स्वतःची होडी होती म्हणून सारा गाव त्यांना नाखवा म्हणे. मीही तेच म्हणू लागलो.

इतका अबोल माणूस मी दुसरा पाहिला नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझ्याशी त्यांचा सगळा व्यवहार खोकल्यावर चाले. एक खोकला म्हणजे चहा झाला, दोन म्हणजे दार लावून घ्या. होडीत तर शिंकसुद्धा गिळावी लागे. घोळ आणि ढोमे हे मासे पाण्याखाली आवाज करतात. नाखवा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडत, दांड्याचं टोक कानाला लावत आणि मासे कुठल्या अंगाला आहेत ते ऐकून जाळं टाकत. एकदा हौसेने मी त्यांच्याबरोबर गेलो आणि "आज हवा छान आहे" एवढंच बोललो. त्यांनी असं पाहिलं की उरलेली हवा मी मुकाट्याने खाल्ली. किनाऱ्याला लागल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमी शालेत बोला. हितं म्हावरा बोलतं."

त्यांचा एकुलता मुलगा परदेशी बोटीवर खलाशी होता. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात तो उतरला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. ही मी येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. एके दिवशी टपालवाल्याने तिकडचं पत्र आणलं. अक्षर मुलाचं नव्हतं. नाखव्यांनी ते माझ्यापुढे धरलं, आणि त्यातलं अवाक्षर मला कळेना. पण मास्तरकीच्या अब्रूचा प्रश्न होता. मी मुंबईला जाऊन फुटपाथवरून इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक फाटकं पुस्तक आणलं आणि आठ दिवस शब्दाला शब्द जोडत बसलो. चौथ्या दिवशी कळलं, की मुलगा वारला. उरलेले चार दिवस माझं स्पॅनिश चुकीचं ठरावं म्हणून मी देवाला विनवत होतो.

शेवटी सांगितलं. नाखवा बराच वेळ जाळ्याच्या गाठी चाचपत राहिले. मग म्हणाले, "आनखी काय लिवलंय?"

"सुनेने लिहिलंय, भला माणूस होता. पण फार गप्प. इतक्या वर्षांत त्याचं बोलणं मी फारसं ऐकलं नाही."

"गप? माजा पोऱ्या?" नाखवा ताडकन उठले. "मास्तर, तो कुत्र्याशी बोलाचा, होरीशी बोलाचा, कोनी नाय गावला तं भिंतीशी बोलाचा! तिला ह्या सांगाला पायजे."

मी लिहून देतो म्हटलं. ते ऐकेनात. सुनेला तिच्या भाषेत आणि आपल्या हाताने लिहायचं, हा हट्ट. पुस्तकात, पूर्वी नेहमी घडायचं ते सांगणाऱ्या भूतकाळाचं एक पान होतं आणि नशिबाने उदाहरण 'बोलणे' हेच होतं. झालं. जन्मभर खोकल्यावर भागवणारा माणूस उठता बसता गर्जू लागला: "आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान!" जाळं विणताना एका गाठीला एक रूप. हळदीच्या मांडवात वाजंत्री दम घ्यायला थांबली, तेवढ्यात यांचं "आब्लाबामोस" सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं. गावाला हा मंत्र वाटला. शेजारीण तापलेली मुलगी घेऊन आली, "नाखवा, पोरीवर तेवरा मंतर टाका." यांनी गंभीरपणे सहाही रूपं म्हटली आणि नेमका ताप उतरला. मग काय, ओटीवर रोज दोनतीन आजारी असायचेच. एकदा मात्र ते माझ्यावरच उखडले. "मी बोलाचो आन तो बोलाचा, दोनी येकच कसं? पुस्तक खोटा हाय." मी म्हटलं, त्या भाषेत तसंच आहे.

पाटीवर महिनाभर गिरवून अखेर कागदावर दोन वाक्यं उतरली. तो बोलायचा. खूप बोलायचा. मी पाकीट चिकटवायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबा मास्तर. होरीत तो बोलाचा तवा मी वल्ह्याचा दांडा मारलाय त्याला. म्हावरा पलतं म्हनून. ताही लिवा."

"नाखवा, हे तिला कशाला?"

"म्हावऱ्याचा आयकला मी. पोराचा नाय आयकला." त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. तिसरं वाक्य मी पाटीवर लिहून दिलं, त्यांनी ते कोरल्यासारखं उतरवून काढलं.

उत्तर यायला पुढचा शिमगा उजाडला. या वेळी मी वाचायच्या आधीच नाखव्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "ह्यो आपला हाय. आब्लाबा." खरंच तो होता. सुनेने लिहिलं होतं: तो झोपेत बोलायचा. खूप बोलायचा, हसायचासुद्धा. मला ती भाषा कळायची नाही. वाईट स्वप्न पडलं असेल म्हणून मी त्याला हलवून गप्प करायची.

नाखव्यांनी पत्र घडी करून कनवटीला लावलं आणि खोकले. हा खोकला माझ्या ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला त्यांनी मला होडीत बसवलं. जाळं टाकलं, पण वल्हं कानाला लावलं नाही. आडवं ठेवून दिलं आणि बोलायला लागले. पोऱ्या कुत्र्याला काय सांगायचा, होडीला कुठल्या नावाने हाक मारायचा, आईची नक्कल कशी करायचा. दांडा लागल्यावर रडत रडतही कसा बोलतच राहायचा. आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जात होता. न राहवून मी म्हणालो, "नाखवा, मासे पळतील."

"पलू दे," ते म्हणाले. "तुमी आयका."

त्या भरतीला जाळं रिकामं आलं. पुढे माझी बदली झाली, आणि मास्तरांच्या वर्गात गोंगाट फार असतो असा शेरा प्रत्येक तपासनीसाने माझ्या नावावर मारला. शेरा खराच होता. 'गप्प बसा' म्हणायला मी तोंड उघडायचो आणि आडवं ठेवलेलं ते वल्हं डोळ्यांपुढे यायचं. मग मी खुर्ची पुढे ओढून पोरं काय बोलतायत ते ऐकत बसायचो.