मेंदूतली उघाडी

रोह्याच्या एका डॉक्टरीणबाईंचे उपकार मी मरेस्तोवर मानणार. कशाचे, ते सांगतो.

नात दीड वर्षाची होईपर्यंत टाळ्या वाजवायची, दोन-चार शब्द बोलायची. मग शब्द गेले, हातातलं खेळणं सुटलं, दिवसभर हातावर हात चोळत बसायची. माझ्या थोरल्या बहिणीने सुनेकडे बोट दाखवून निकाल देऊन टाकला, "पोटुशी असताना हिने ग्रहणात विळीवर बोंबील कापले." आमच्यात गरोदर बाई ग्रहणात विळीला शिवत नाय. सून चुकून शिवली होती, हे खरं. तिला स्वतःलाच ते पटलं होतं, आणि तिचं जेवण तुटलं.

मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा मुलगा कंपनीत शिफ्टला. सून येईना. म्हणाली, "माझी चूक मला परत ऐकायची नाय." मग मीच रोह्याला गेलो.

बाई इंग्रजी शब्दांनी सुरू झाल्या. मी म्हटलं, "मी चौथीपर्यंत शिकलेला. समजल्याबिगर उठणार नाय." बाहेर पेशंट ताटकळले होते. ताटकळू देत.

बाई हसल्या, खुर्ची जवळ ओढली. "प्रत्येक पेशीत एक लांबलचक धागा गुंडाळलेला असतो. शरीर कसं चालवायचं ते सगळं त्यावर असतं. एक प्रथिन त्या धाग्यावर बसतं आणि कुठला भाग कधी गप्प ठेवायचा ते सांभाळतं."

"म्हंजे आमच्या खारबांधाची उघाडी. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला पाणी सोडायचं. बिघडली की खारं पाणी भातात."

"जवळपास तसंच. फक्त दारं हजारो, आणि त्यांचा राखणदार, म्हणजे ते प्रथिन, तिच्यात बिघडलंय."

"मग लिव्हर, फुप्फुस धड कसं?"

"तिथेही तो असतो. पण मेंदूतल्या पेशींना तो सगळ्यात जास्त लागतो. आणि आजोबा, त्या पेशी मेलेल्या नाहीत. तिच्या काही पेशींत तो नीट काम करतो."

म्हणून पोर माझ्याकडे बघून अजून हसते तर!

विळीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "धाग्याची नक्कल होताना चूक झाली. ती बहुतेक वेळा गर्भ राहायच्या आधीच होते, बापाच्या बाजूला, बीज तयार होताना. दोष कुणाचाच नाही."

बापाच्या बाजूला! आमच्या घराण्याला कुणी नाव ठेवलेलं मला कधी खपलेलं नाय. गाडीतून आमच्या जिते स्टेशनात उतरेपर्यंत ठरवत होतो, बापाचं घरी सांगायचं की गाळायचं. नुसतं "दोष कुणाचाच नाय" म्हटलं असतं, तर बहिणीने ते उडवून लावलं असतं.

ओटीवर सगळ्यांपुढे सांगितलं. बहीण म्हणाली, "म्हातारपणी डॉक्टरकी शिकलास काय रे?"

"व्हय, शिकलो. आणि हे बहुतेक तुझ्या भाच्याकडून आलंय. आपल्याकडून. आता विळीचं नाव काढायचं नाय."

बहीण पदर सावरत उठून गेली. सून दाराआड उभी होती, ती पुढे आली.

"बाबा, पोटात यायच्या आधीच?"

"व्हय गो, आधीच."

"परत सांगा."

मी पहिल्यापासून परत सांगितलं. ऐकता ऐकता तिने भाताचं ताट वाढून घेतलं.