जोडताऱ्यांच्या बोरसे मॅडम

बोरसे मॅडम स्टाफरूममध्ये बसलेल्या मला आठवत नाहीत. चहासुद्धा उभ्यानेच, तोही अर्धा. जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. मूळच्या शिंदखेड्याच्या; चिडल्या किंवा खुलल्या की अहिराणीवर यायच्या. डोक्यात कायम एकच: म्हाताऱ्या जोडताऱ्यांतून वायूचे झोत का सुटतात?

मी तिथे शिकवायला नवा होतो तेव्हा त्यांनी मला जिन्यातच अडवलं. "एक तारा फुगून लाल झालेला. त्याच्या अंगावरून वायू वाहतोय. शेजारचा पांढरा तारा लहान, पण जड. तो वायू ओढतो. पण दोघं एकमेकांभोवती फिरताहेत ना? मग वायू सरळ पडत नाही, गोल फिरत राहतो, त्याची चकती होते. आणि चकतीच्या दोन्ही अंगांनी झोत! का? सांगा ना, का?" माझा तास सुरू झाला होता. त्याचं त्यांना काही नव्हतं.

ही जोडी त्यांनी संगणकावर उभी केली, त्यात चकती आपोआप बनते असा शोधनिबंध लिहिला, तो स्वीकारला गेला. बढतीची मुलाखत तोंडावर आली होती. अशात एका सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानेच.

"माले चूक सापडनी, भाऊ. चकती बननीच नही. ती मीच सुरुवातीले ठेयेल व्हती."

"मॅडम, मुलाखत होऊ द्या, मग कळवा."

"तवलोंग झोप कशी लागी माले?"

दुपारी त्यांनी निबंध मागे घेतला. बढती दुसऱ्याला मिळाली. मॅडम पुन्हा पहिल्यापासून लागल्या. वायू नुसता निघून जायचा, त्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या. शेवटी त्यांनी लाल ताऱ्याचा वारा, म्हणजे त्याच्यावरून वाहणारा वायू, प्रत्यक्षात असतो तितका मंद धरला. तो पांढऱ्या ताऱ्याभोवती वळला आणि चकती आपोआप जमली! पण झोत काही निघेना.

निवृत्त होऊन त्या धुळ्याला भावाकडे गेल्या. एकदा सकाळीच फोन आला. "चुंबकीय क्षेत्र घातलं. काहीतरी वर उचललं जातंय. पण आजून तपासनं शे. कोणाला बोलू नका."

पुढचा फोन त्यांच्या भावाचा होता. हृदयविकाराने मॅडम गेल्या होत्या.

यंदा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, झोत नक्की कसा सुटतो?" पुस्तकातलं गुळगुळीत उत्तर ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "पूर्ण माहीत नाही. ये, पाहू."