रडायचं काम

आमच्या आत्याचा व्यवसाय रडण्याचा. ती दुःखी होती असं नाही. चांगली हसतमुख, चार माणसांत रमणारी बाई. पण परदेशी सिनेमे मराठीत आणताना पडद्यावरच्या नटीला जिथे रडू कोसळतं, तिथे आवाज आत्याचा असतो. बोलणारी बाई वेगळी. ती नावाजलेली, घशाला जपणारी. तिला मनापासून रडायला लावलं की दुसऱ्या दिवशी घसा बसतो आणि काम खोळंबतं. म्हणून बोलायला ती आणि रडायला आत्या, अशी वाटणी.

स्टुडिओत आत्या लागली होती टायपिस्ट म्हणून. तिथले भाषांतर करणारे गृहस्थ मोठे चोखंदळ. प्रत्येक शब्द नटीच्या ओठांना बसतो का, ते स्वतः आरशात तोंड वेडंवाकडं करून बघायचे. पण रडण्यापाशी आले की हात झटकायचे आणि कंसात एवढंच लिहायचे: ‘रडते’. फार तर ‘पुन्हा रडते’. एकदा बोलणाऱ्या बाईंना काही केल्या रडू येईना. सगळे ताटकळले. बाहेर टाइप करत बसलेली आत्या दारात येऊन म्हणाली, “मी बघू का?” आणि तिने असा गळा काढला, की काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं, “बाई, घरी सगळं ठीक आहे ना?” तेव्हापासून तिचं टायपिंग सुटलं आणि स्टुडिओत तिला ‘रडणाऱ्या बाई’ हे नाव पडलं.

नाताळचे सिनेमे म्हणजे तिचा हंगाम. हे सिनेमे तुम्ही पाहिलेच असतील, कारण एक पाहिला की सगळे पाहिल्यासारखेच असतात. मोठ्या शहरातली, मोठ्या पगाराची, सतत फोनवर ओरडणारी एक मुलगी सुट्टीत बर्फाळ गावी जाते. तिथे चौकडीचा शर्ट घातलेला एक सुतार असतो. त्याला दिवसभर काही काम नसतं, तरी त्याचं घर राजवाड्यासारखं असतं. आधी दोघांचं पटत नाही, मग कुत्रा हरवतो, मग कुत्रा सापडतो, आणि शेवटी ती नोकरीवर पाणी सोडून बर्फात उभी राहते. केसांवर पडलेला बर्फ वितळत नाही. या सगळ्यात ती निदान तीनदा रडते. शेवटच्या रडण्यासमोर कंसात लिहिलेलं असतं ‘रडत हसते’. आत्या म्हणायची, “ते सगळ्यात अवघड. नाकाने रडायचं आणि घशाने हसायचं. नाहीतर शिंक वाटते.”

नाताळच्या सुट्टीत सगळे आमच्या घरी जमतात आणि हे सिनेमे ओळीने बघतात. सर्वांत आवडीने बघतात ते बाबा, आणि आत्याच्या कामाला नाक मुरडतात तेही बाबाच. “रडण्याचे पैसे देतात? आमच्या ऑफिसात लोक फुकट रडायचे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साठीला आलेल्या या धाकट्या बहिणीला ते अजून बेबी म्हणतात. मधल्या काकाला सिनेमातलं फार कळतं. असले सिनेमे म्हणजे शुद्ध भाबडेपणा, असं तो पहिल्याच दृश्याला जाहीर करतो आणि कुत्रा हरवला की चष्मा पुसायला घेतो. आई स्वयंपाकघरातून ये-जा करत कुठे नेमकं रडू आहे ते विचारते, म्हणजे तेवढं बघून परत जाता येतं. पडद्यावर कुणी हुंदका दिला की सगळे एका सुरात विचारतात, “ही तू ना?” आत्या कधी हो म्हणते, कधी म्हणते, “छे, ही नुसती नाक ओढतेय.”

या वर्षी सुट्टीआधी तिचा मला फोन आला. स्टुडिओच्या नव्या मॅनेजरने तिला बोलावून चहा पाजला होता आणि गोड आवाजात सांगितलं होतं, “बाई, तुमचं रडणं आता आमच्याकडे पुरेसं साठलंय.” इतक्या वर्षांचे तिचे हुंदके मशीनमध्ये घातले होते. हवं तिथे, हव्या त्या मापाचं रडू मशीन काढून देणार होतं. तिने यायची गरज नव्हती.

“सगळ्यांना मीच सांगते,” ती म्हणाली. “तू कुठे बोलू नकोस. दादाला आधी माझ्याकडून कळू दे. तो म्हणणारच, हे काय काम होतं का. म्हणू दे. पण निदान एकदा त्याने ऐकून घ्यावं, की मला ते आवडायचं.”

तिला दुसरं काही नको होतं. हे तिने सुट्टीत सांगायचं, आणि घरच्यांनी ऐकायचं, एवढंच.

पहिल्या दिवशी ती सोफ्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, “दादा, मला जरा बोलायचंय.”

“मध्यंतरात बोल,” बाबा म्हणाले.

या सिनेमांना मध्यंतर नसतं. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, बाबांनाही. सिनेमा संपला आणि त्याच्या शेपटाला दुसरा आपोआप सुरू झाला. आत्या स्वयंपाकघरात गेली. तिथे आईने तिचं तोंड बघून विचारलं, “वन्सं, काय झालं हो?” आत्याने तोंड उघडलं तेवढ्यात बाहेरून काका ओरडला, “वहिनी, रडतेय, या लवकर.” आई हात पुसत धावली. आत्या ओट्याशी एकटी उभी राहिली. मला त्या क्षणी टीव्हीची वायरच उपटावीशी वाटली. पण तिने मला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं.

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी लागलेला सिनेमा तर कुटुंबावरचाच होता. त्यातली मुलगी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून आपल्या माणसांना विचारत होती, “या घरात माझं कुणी कधी ऐकलंय का?” आमच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. बाबा पुढे सरकून बसले होते. काकाने चष्मा आधीच काढून ठेवला होता.

आत्या म्हणाली, “दादा, माझं स्टुडिओतलं काम…”

“शू,” बाबा म्हणाले. “बेबी, आत्ता नको. ऐकू दे.”

“दोन मिनिटं फक्त.”

“अगं, तूच रडणारेस ना आता? मग ऐकू दे की.”

आणि पडद्यावरची मुलगी खरोखरच रडली. आत्याचाच आवाज होता तो. आत्याचं रडणं नीट ऐकू यावं म्हणून आमच्या घरच्यांनी आत्याला गप्प केलं, आणि वर ते ऐकून डोळे टिपले. “किती खरं आहे गं,” आई म्हणाली. “घरच्यांनी ऐकून घ्यायला पाहिजे.” त्या तिघांचा मला मनापासून राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली.

आत्या उठून आतल्या खोलीत गेली. कुणी मान वळवली नाही.

सिनेमा शेवटाला आला. सगळ्यांची दिलजमाई झाली, टेबलाभोवती हशा पिकला, आणि तेवढ्यात हुंदका ऐकू आला. मग दुसरा. मग थांबेचनात.

“वा,” काका म्हणाला. “इथे बेबीने कमाल केलीय.”

“पण हे तर सगळे हसतायत,” आई म्हणाली.

“आवाज मागेपुढे झाला असेल,” बाबा म्हणाले. “आणि जरा जास्तच झालाय.” त्यांनी रिमोट उचलून आवाज कमी केला. हसणं कमी झालं. रडणं होतं तेवढंच राहिलं. ते कुठल्याच ओठांना बसणारं नव्हतं. मध्येच खोकला येत होता, मध्येच श्वास अडकत होता. बाबांनी पुन्हा बटण दाबलं. पडद्यावरची माणसं आता आवाजाविना तोंडं हलवत होती. बाबांनी रिमोट तळहातावर आपटला आणि परत दाबला.

मी उठले. आतल्या दाराशी पोचते तोवर मागून काकाचा आवाज आला, “सेल गेले असतील.”