पंपाचे बोल्ट आणि घारापुरीची वाट

गेल्या महाशिवरात्रीला मी घारापुरीला निघाले, ती महादेवाला चार शब्द सुनवायला. बेल, दूध, नारळ सगळं बरोबर घेतलं होतं, पण ते हाताच्या सवयीनं. मनात भक्ती फारशी उरलेली नव्हती. राग मात्र भरपूर होता, आणि तो घेऊन मी होडीत चढले.

आम्ही सारसोळ्याचे. आमचे हे खाडीत मासेमारी करायचे, मी नेरुळच्या बाजारात मासळी विकते. दर महाशिवरात्रीला हे होडी धुऊन काढायचे आणि गावातल्या ज्याला यायचं असेल त्याला बसवून घारापुरीच्या लेण्यातल्या महादेवाकडे न्यायचे. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. आणि याच माणसाला श्रावणातल्या सोमवारी, उपास धरलेला असताना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले आणि बोलणं संपलं. तोंडात एकच शब्द उरला, होरी. आमच्या बोलीत होडीला होरी म्हणतात. पाणी हवं असलं तरी होरी, झोप आली तरी होरी. ऐकलेलं सगळं कळतं, बाहेर मात्र तेवढंच येतं. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, पण कधी ते सांगता येत नाही. देव्हाऱ्यात दिवा लावणं मी सोडलं नाही. लावताना देवाकडे बघणं सोडलं.

होडी मग मी चालवू लागले. यांच्या शेजारी इतकी वर्षं बसून इंजिन कसं सुरू करायचं, कसं सांभाळायचं ते डोळ्यांनी शिकले होते. महाशिवरात्र जवळ आली आणि नेमका इंजिनाचा डिझेल पंप गळायला लागला. तुर्भ्याला ट्रकची कामं करणारा एक मेकॅनिक आहे, त्यानं पंप काढून नेला, दुरुस्त करून आणला आणि जेट्टीवर बसवायला घेतला. हा पंप इंजिनाला तीन बोल्टांवर धरलेला असतो. ते ढिले झाले की पंप जागचा फिरतो, डिझेल भलत्या वेळी आत जातं आणि इंजिन बंद पडतं. म्हणून हे दर वेळी बोल्टांचे आटे कोरडे पुसायचे, त्यावर थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, थेंब सोडायचे म्हणजे बोल्ट हादऱ्यानं सुटत नाही, आणि टॉर्क रेंचनं मापात आवळायचे. रेंचवर माप लावून ठेवलेलं असे. तेवढं आवळून झालं की रेंच टक् करून वाजतो, मग थांबायचं.

मी मेकॅनिकला हे सगळं सांगितलं. घरातली बाटली वाळून गेली होती, म्हणून तुझ्याकडची लाव म्हटलं, आणि रेंच त्याच्यासमोर ठेवला. तो हसला. म्हणाला, "वैनी, तुमी मासळी बघा. मी ट्रकला लावत नाय हे असलं. हाताला कळतं सगळं." हे जेट्टीच्या कठड्यावर बसून पाहत होते. डाव्या हातानं मांडीवर थापा मारत "होरी, होरी" म्हणत राहिले. मेकॅनिकला वाटलं, काकांना होडीची आठवण येतेय. मला कळत होतं ते काय सांगतायत, आणि तरी त्या माणसाला थांबवणं मला जमलं नाही. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. बाईचं ऐकायचं नाही, आजाऱ्याचं तर नाहीच नाही.

त्या सकाळी होडीत आम्ही दोघंच. इतकी वर्षं आमच्या होडीतून गेलेले सगळे दुसऱ्याच्या होडीत बसले होते. बाई चालवणार म्हटल्यावर भीती वाटली असेल. जाताना लांबून हात केला, तेवढंच. मी हात केला नाही.

घारापुरीचा डोंगर समोर स्पष्ट दिसत होता. मोठी जहाजं बंदराकडे जातात त्या वाटेवर आम्ही आलो आणि इंजिन ठोके द्यायला लागलं. काळा धूर आला आणि ते बंद पडलं. झाकण उघडून बघते तर पंप वाकडा. एक बोल्ट गळून तळाच्या पाण्यात पडलेला, उरलेले दोन्ही नुसत्या बोटांनी फिरत होते. ओहोटी लागली होती. नांगर टाकला, पण चिखलात तो धरेना. दूरवर एक जहाज वळताना दिसत होतं.

तळाच्या घाण पाण्यात चाचपून मी बोल्ट शोधला, तसाच बसवला आणि पान्यावर पाइप चढवून जीव खाऊन आवळला. इंजिन सुरू झालं, थोडं चाललं आणि पुन्हा बंद. तेव्हा मी उभी राहिले आणि त्या डोंगराकडे बघून बोलले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते, की ज्यानं तुझ्या दारात गाव आणून सोडला त्याला तू मुकं केलंस, आणि आता बुडवायलाही बोलावलंस, असं म्हटलं. हे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला त्याचाही राग आला.

मागून आवाज आला. "मराचा हाय का? जहाजाच्या वाटंन होरी उभी केलीस ती!"

उरणकडची होडी होती, माणसांनी भरलेली. चालवणारा म्हातारा माझ्याइतकाच चिडलेला. शिव्या देतच त्यानं दोर फेकला आणि आम्हाला जहाजाच्या वाटेतून ओढून उथळ पाण्यात आणलं. तिथं नांगर लागला. ओहोटीविरुद्ध आणखी ओढायची त्याच्या इंजिनात ताकद नव्हती. काय झालं ते मी सांगितलं, तसा तो मेकॅनिकच्या नावानं आणखी एक शिवी हासडून आपल्या पेटीत खुडबुडू लागला. थोडं पेट्रोल आणि थ्रेडलॉकरची लाल बाटली त्यानं माझ्या हातात दिली.

"डिझेल राहिला तं धरनार नाय," म्हणाला. "पुसून घे. आनी सुकल्याबिगर इंजिन चालू करू नको. भरती लागंपर्यंत गप बस."

एवढं बोलून तो गेला. तो कुणी देवबिव नव्हता. त्याचं घर मला आता ठाऊक आहे, बाटली परत करायला गेले तेव्हाही तो चिडलेलाच होता.

नैवेद्यावर झाकलेलं फडकं घेऊन मी बोल्ट आणि भोकं पेट्रोलनं पुसून कोरडी केली. पंपावरची खूण इंजिनावरच्या खुणेला कशी जुळवायची ते यांनी डाव्या हाताच्या बोटानं दाखवलं. थेंब सोडले. थोडा हा बोल्ट, थोडा तो, असे तिन्ही बसवत आणले आणि मग टॉर्क रेंच लावला. शेवटच्या बोल्टाला रेंच वाजला. मी थांबले नाही. त्या मेकॅनिकचं हसणं, गावकऱ्यांचा लांबून केलेला हात, तो श्रावणी सोमवार, सगळं माझ्या दंडात उतरलं होतं. मी ओढतच राहिले. आणखी थोडं ओढलं असतं तर बोल्ट तिथंच तुटला असता.

डावा हात माझ्या मनगटावर पडला.

"पुरं," हे म्हणाले. "पुरं गो."

मी रेंच सोडला. कितीतरी महिन्यांत होरीशिवाय दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते तोंड उघडं ठेवून तसेच बसून राहिले. मी पुन्हा म्हणायला लावलं नाही. भीती वाटली, की ओढून काढायला गेले तर आलेला शब्द परत जाईल.

मग भरतीची वाट बघत आम्ही बसलो. करण्यासारखं काही नव्हतं. बोल्ट आपला आपण धरत होता, पाणी आपलं आपण वळणार होतं. श्रावणापासून मी एक घटका अशी बसले नव्हते. दुधाचं भांडं उन्हात तापायला लागलं, म्हणून होडीतूनच डोंगराकडे तोंड करून ते मी खाडीत सोडलं, बेलही सोडला. हेही डाव्या हातानं नमस्कार करून मोकळे झाले. पाणी वळल्यावर इंजिन सुरू केलं आणि भरतीबरोबर घरी आलो. लेण्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

डॉक्टर म्हणतात, शब्द यायचाच होता. असेल. मी वाद घालत नाही. मेकॅनिकला जाऊन मी सुनावलं. त्यानं माफी मागितली नाही आणि माझा राग गेला नाही. महादेवावरचाही सगळा गेलाय असं नाही. पण माझ्या हातात किती आहे ते त्या दिवशी मला कळलं. तेवढं नीट करावं आणि हात काढून घ्यावा, पुढचं धरणारा तो आहे.

आता जेवताना भात वाढला की हे "पुरं" म्हणतात. कधी खरंच पुरे असतं, कधी पोटात भूक असते आणि तोंडात तोच शब्द येतो. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघते आणि भूक दिसली तर आणखी वाढते. वाढता वाढता देव्हाऱ्याकडे बघून हात जोडते, आजही थोडी चिडूनच.