न चाखलेल्या मिठाचा आळ

शिलो गावात अंगणाअंगणात काळ्या सोयाबीनच्या सॉसचे रांजण उन्हात मुरत बसलेले असतात. वाऱ्यालाही तिथं खारट चव. अशा गावात पंगतीचा आचारी म्हणून जन्म काढलेल्या माणसावर ‘चोरून मीठ खातो’ असा आळ घ्यायचा, म्हणजे कोळ्याच्या अंगाला माशांचा वास येतो म्हणून त्याच्यावर खटला भरण्यासारखं. पण लियाव तिंग-हायवर तो आळ आला, आणि आणला कुणी, तर घरच्यांनीच.

तिंग-हायच्या किडन्या बसल्या त्याला काही वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा सकाळी तो दवाखान्यात ‘धुवायला’ जायचा. शिलोत डायलिसिस हा शब्द फक्त पाटीवर असतो. माणसं धुवायलाच जातात. आधी काट्यावर उभं राहायचं, मग खुर्चीत पडायचं, वजन ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत यंत्रानं अंगातलं साचलेलं पाणी ओढून काढायचं, आणि पुन्हा काट्यावर. त्या ठरलेल्या आकड्याला ‘कोरडं वजन’ म्हणतात. तिंग-हायला त्या आकड्याचा फार अभिमान होता. बाकीचे घसरायचे, चढायचे. हा धुवून उठला की काटा त्याच आकड्यावर येऊन थांबायचा.

वर्षाच्या सुरुवातीपासून मात्र त्याचा रक्तदाब चढायला लागला. गोळ्या वाढवल्या, तरी वरचा आकडा काही खाली यायला तयार नाही.

“काका, काल काय खाल्लंत?” नर्स सू दंडाचा पट्टा सोडता सोडता विचारायची.

“भात खाल्ला. उकडलेला कोबी खाल्ला. शिव्या खाल्ल्या. यातलं मीठ कशात ते तू शोध.”

शेजारच्या खुर्चीत आ-बोक पडलेला असायचा. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्याला कुणाचंही बोलणं अर्ध्यावर तोडायची सवय. “अगं, त्याला काय विचारतेस? आचारी आहे तो. रश्श्याच्या पातेल्यात दिवसातून किती वेळा जीभ बुडवत असेल, त्याचा हिशोब गावच्या देवीकडेच.”

“मी थुंकतो रे,” तिंग-हाय म्हणायचा. “जेवायच्या काडीच्या टोकानं जिभेवर ठेवतो आणि बादलीत थुंकतो. घशाखाली थेंब जात नाही.”

“बरोबर आहे. मीपण बस चालवताना डोळे मिटत नव्हतो.”

सगळी खोली खोकल्यासारखी हसायची. मग जो तो आपापलं निदान सांगायचा. समोरच्या बाई म्हणायच्या, तहान लागली की खारवलेलं आलुबुखार चघळतोस ना, त्यातच मीठ असतं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचं ठाम मत, रेडिओवर विकतात ती गुडघेदुखीची पूड हा चोरून घेतो. तिंग-हायनं आलुबुखार केव्हाच सोडलं होतं, आणि पूड त्याच्या मेहुणीनं पाठवली होती ती त्यानं डुकरांनाही घातली नव्हती. पण ज्याचा गुन्हा आधीच ठरलाय त्याची साक्ष कोण ऐकतो? दाब उंच, म्हणजे याचं तोंड वाईट. एवढा सोपा न्याय.

आणि गंमत बघा, गल्लीतले लोक उलट त्याचं कौतुक करायचे. “तिंग-हाय, गाल भरलेत बरं का. भाग्य दिसतंय तोंडावर.” थंडीत न्युमोनियानं तो चांगलाच आडवा पडला होता, महिनाभर पेजेवर होता, आणि उठला तो असा गुबगुबीत गालांचा. बायको सिउ-ग्योकही म्हणायची, आजारपण मानवलं यांना. रात्री आडवं झालं की धाप लागते म्हणून तो उशा चढवून झोपायचा, संध्याकाळी मोज्यांचा वळ पायात रुतलेला असायचा. पण जन्मभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय सुजायचेच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

वसंतातला देवीचा वाढदिवस दोन महिन्यांवर आला. देवळापुढच्या रस्त्यावर मांडव, लाल गोल टेबलं, पाहुण्यांना उरलंसुरलं बांधून न्यायच्या पिशव्या, असं सगळं असायचं. ही पंगत तिंग-हायच्या बापानं रांधली, मग तिंग-हायनं रांधली. धंदा आता मुलगा बुन-कियेत बघायचा, पण देवीच्या पंगतीला लांब दांड्याचा डाव बापाच्याच हातात. आणि यंदा बुन-कियेतनं तो डाव भिंतीवरून काढला आणि आपल्या गाडीत ठेवला.

“बाबा, यंदा तुम्ही खुर्चीत बसा. दाब उतरला की बघू.”

“का? हात थरथरतात माझे?”

“हात नाही. तोंड.” बुन-कियेत खाली बघून म्हणाला. मागे भांडी घासणारे ऐकत होते. “पातेल्यापाशी उभे राहिलात की तुमच्याच्यानं राहवत नाही. मांडवात काही झालं तर लोक मला विचारतील.”

तिंग-हायचं डोकं भणभणायला लागलं होतं. ते दाबानं की रागानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पोटच्या पोरानं चोर म्हणावं, तेही ज्या मिठाकडे वर्षानुवर्षं बघून नुसता थुंकला त्यासाठी. तो तडक मागच्या स्वयंपाकघरात गेला, खुंटीवरचा पांढरा अॅप्रन ओढला आणि गळ्यात अडकवला.

“अगं, ये आणि बांध.”

“कशाला? डाव तर नेला त्यानं.”

“हातानं ढवळीन. तू बांध.”

सिउ-ग्योकनं बंद घेतले. हे काम तिनं लग्नापासून केलेलं. बंद कमरेवरून मागे घ्यायचे आणि तिथंच गाठ मारायची. पुढे आणण्याइतके ते कधी पुरतच नसत. आज मागे गाठ मारूनही हातात वितीवितीची टोकं उरली. तिनं गाठ सोडली, बंद पोटापर्यंत पुढे आणले, आणि पुढे सुखानं गाठ बसली.

“हा नवा शिवला का?”

“तोच आहे. तूच धुतेस.”

तिनं त्याच्या बरगड्यांवर तळवे ठेवले. मग दंड चाचपले. “अहो, अंगावर मांस कुठंय तुमच्या? नुसत्या फळ्या लागताहेत. मग काटा तोच कसा दाखवतो?”

तिंग-हायला उत्तराऐवजी राग सुचला. दुसऱ्या दिवशी सिउ-ग्योकला बरोबर घेऊन धुवायला गेला तो अॅप्रन घालूनच. खोलीत हशा उठला. आ-बोक म्हणाला, आज यंत्रात सूप घालणार वाटतं. तिंग-हाय सरळ डॉक्टर को बाईंपुढे जाऊन उभा राहिला.

“बाई, ह्याचा वास घ्या. खाऊन पुसलेलं मीठ दिसतं का बघा. आणि मी चोर नसेन तर तसं माझ्या पोराला सांगा.”

को बाई तरुण होत्या, पण उतावीळ नव्हत्या. त्यांनी अॅप्रनचा वास घेतला नाही; बंद कुठे बांधलेत ते पाहिलं. मग त्याला आडवं करून पाय दाबले, छाती ऐकली, आणि एकेक विचारलं. धुवायच्या सकाळी दाबाची गोळी घेता का? घेतो. गुडघ्यासाठी काही? नाही. रात्री घोरता का? सिउ-ग्योक म्हणाली, आमचे वरचे शेजारी घर बदलून गेले. रक्त वाढवायच्या इंजेक्शनानंही दाब चढतो, म्हणून त्याचा डोस त्यांनी स्वतः पडताळला. तो काही वाढलेला नव्हता.

“काका, तुम्ही चोर नाही,” त्या म्हणाल्या. “न्युमोनियात तुमचं मांस गेलं. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही. मांस उठून गेलं, त्या जागी पाणी येऊन बसलं, आणि आपण सगळे आकडा तोच आहे म्हणून खूश. ते गाल भाग्याचे नाहीत, पाण्याचे आहेत. दाब त्या पाण्याचा आहे. कोरडं वजन खाली आणायला हवं होतं.”

“मग आणलं का नाही?” तिंग-हायचा आवाज चढला. “वर्षाच्या सुरुवातीपासून मी शिव्या खातोय. घरात खातोय, इथं खातोय. आकडा तुमचा शिळा, आणि तोंड माझं वाईट?”

“आमचं चुकलं,” को बाई म्हणाल्या. “तुमच्या जेवणाआधी आम्ही आकड्यावर संशय घ्यायला हवा होता.”

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर रागाला टेकायला जागा राहिली नाही. तेवढ्यात नर्स सू हळूच म्हणाली, “पण काका, मी दोनदा जास्त ओढायला गेले तेव्हा मासळीबाजारात असल्यासारखी घासाघीस कुणी केली? ‘आज एवढंच काढ, पायात गोळे येतात, माझा आकडा मोडू नकोस.’ ”

आ-बोकनं पांघरूण तोंडावर घेतलं. आतून पोट हलताना दिसत होतं.

“घासाघीस केली,” तिंग-हाय म्हणाला. “मीठ नाही खाल्लं. दोन वेगळे गुन्हे आहेत. एकाची शिक्षा दुसऱ्याला नको.”

मग आकडा थोडा थोडा उतरवत नेला. पायात गोळे आले, तो ओरडला, पण घासाघीस केली नाही. गाल बसले. गल्लीतले लोक हळहळायला लागले, भाग्य उतरलं म्हणून. दाब मात्र लगेच उतरेना, आणि बुन-कियेतच्या डोळ्यांत पुन्हा तोच संशय दिसला. को बाईंनी सांगितलं, पाणी जातं आधी, दाब उतरतो मागून, थांबा. ते थांबणं तिंग-हायला गोळ्यांपेक्षा जड गेलं. पंगतीच्या तोंडावर एका सकाळी नर्स सूनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. “काका, उतरलाय.” आदल्या रात्री तो एकाच उशीवर झोपला होता.

पंगतीच्या दिवशी मांडवात वाफेचे लोट उठलेले. तिंग-हाय खुर्चीत बसून होता, अॅप्रन घालून, बंद पुढे बांधून. बुन-कियेत गाडीतून डाव घेऊन आला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

“बाबा, कोंबडीचा रस्सा बघता का?”

“मी चोर आहे ना?”

“नाही.”

“मोठ्यानं म्हण. तेव्हाही तुझ्यामागे सगळे भांडी घासणारे ऐकत होते.”

बुन-कियेतनं मोठ्यानं म्हटलं. भांडी घासणाऱ्यांनी हात थांबवून ऐकलं. तिंग-हायनं डाव घेतला, काडीचं टोक रश्श्यात बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि सगळ्यांना दिसेल असं वळून बादलीत थुंकला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला. “डरपोक माणसाच्या हातचा रस्सा आहे हा. टाक अजून.”