परळचा जुना बंबखाना

जुन्या वस्तू एका खोलीत मांडल्या की वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त जागा खातात. आमच्या परळच्या बंबखान्याचं तसंच झालं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. मी तिथे फायरमन होतो. शेजारी नवं स्टेशन उभं राहिलं आणि जुनी इमारत पाडायची ऑर्डर निघाली.

आमचे जमादार सावंत मालवणकडचे. ऑर्डर ऐकली आणि त्यांनी अर्धवट खाल्लेला डबा बंद केला. "मी ह्यां मोडूक देऊचंय नाय. हय आगीच्या बंबांचा म्युझियम करूया."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी हसणारे सगळे पितळ घासायला बसले होते.

*

एकदा करी रोडला चाळीला आग लागली. लालबागला जमाव आडवा आला. सकाळीच पोलिसांचा गोळीबार झालेला, लोक खवळलेले. सरकारी गाडी दिसताच दगड सुरू झाले. एक थेट आमच्या बंबाच्या घंटेवर बसला. मारणारा तरुण गिरणी कामगार समोरच उभा होता.

सावंतांनी वाकून विचारलं, "तू खंय रवतंस?"

त्यानं चाळीचं नाव सांगितलं. आग तिथेच लागली होती. ते ऐकून तो म्हणाला, आई घरात एकटी आहे.

तो आमच्याबरोबर बंबावर चढला. आईला जिन्यावरून त्यानंच उचलून आणलं. पुढे ती घंटा म्युझियमसाठी काढली, तेव्हा दर रविवारी घासायला तोच यायचा. दगडाचा पोचा ठोकून काढू का म्हटलं, तर म्हणाला, "हात नको लावू त्याला."

*

मोठे साहेब पाहणीला आले. "हे भंगार बघायला येणार कोण?"

कोपऱ्यात म्हातारे कांबळेबाबा बसले होते. बंबाला घोडे जुंपत, त्या काळातले मोतद्दार. नायगावहून सुनेचा हात धरून आलेले. काठीशिवाय उभं राहवत नसे. साहेबांना दाखवायला म्हणून सावंतांनी भिंतीवरची जुनी वर्दीची घंटा वाजवली.

बाबांची काठी पडली. ते धावत रिकाम्या तबेल्यात गेले, हात वर करून, छताला टांगलेला असायचा तो, आता नसलेला साज खाली ओढला, नसलेले पट्टे आवळले. "दरवाजा खोला!"

मग आमच्याकडे बघून त्यांनी हात खाली घेतले. सून भिंतीला टेकली. साहेबांनी टोपी काढली. "पाडायचं नंतर बघू," म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही.

*

म्युझियम उघडलं त्या सकाळी प्रभादेवीच्या कोळीवाड्यातून सोनाबाई आली. मासळीच्या पाटीत फडक्यात गुंडाळलेलं पितळी हेल्मेट. तिचा नवरा फायरमन होता, गिरणीच्या आगीत गेलेला. हेल्मेट लख्ख होतं.

सावंतांनी जागा दाखवली. ती म्हणाली, "थांब. आदी कोनीतरी डोक्यावर घाला. येकदा बगू दे."

कुणी पुढे होईना. सावंतांनी मला ढकललं. तिनं स्वतः माझ्या हनुवटीखाली पट्टा बांधला, मागे सरली आणि बघत राहिली. मी ताठ उभा राहिलो.

"तो उंच होता," ती म्हणाली. पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे निघून गेली.