व्हेरा हुमेनियुकची मुकी पट्टी

शिडी चढताना व्हेरा हुमेनियुक कोणाचा हात धरत नसे. द्यायला गेलात तर म्हणायची, "माझं राहू दे, तू स्वतःचे पाय सांभाळ." साठीला टेकलेली बाई, अंगात जाडजूड कोट, काखेत सुपाचा थर्मास, आणि तरी सरसर वर. वर म्हणजे कॅनडातल्या आमच्या झोरिया गावच्या, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमध्ये, गोलच्या जाळ्याच्या बरोब्बर वर, छताखाली एक लाकडी खोपटं होतं तिथे. त्यात दोन खुर्च्या. एक माझी, सामन्याचं घड्याळ आणि रिंकचे दिवे माझ्या ताब्यात असायचे. दुसरी व्हेराची, आणि तिच्यापुढे ऑर्गन.

हा ऑर्गन बंद पडलेल्या एका थिएटरातून आणलेला. वर चढवताना खोपट्याची एक भिंत काढावी लागली होती, म्हणून पुढे कोणी तो हलवायचं नाव काढलं नाही. हॉकीत पंचाची शिट्टी झाली की खेळ थांबतो, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत जी शांतता पडते ती व्हेराची. तेवढ्यात ती पोल्का वाजवायची, लग्नातली नाचगाणी वाजवायची, आणि पंचाने आमच्या विरुद्ध निकाल दिला तर प्रेतयात्रेची धून वाजवायची. एका पंचाने तिची वरपर्यंत तक्रारही केली होती. त्याचा तिला फार अभिमान होता.

व्हेराचं आयुष्य संगीतात गेलं असं मी म्हणालो तर ती मला थोबाडीत देईल. आयुष्य गेलं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दोन मुली वाढवण्यात आणि नवऱ्याच्या, नेस्टरच्या, खोकल्याची काळजी करण्यात. तो धान्याच्या कोठारात काम करायचा, धूळ खाऊन खाऊन गेला. लहानपणी ती बापाचा अकॉर्डियन गळ्यात अडकवून लग्नांत वाजवायची. स्वतःचं लग्न झालं तेव्हा सासूने सांगितलं की सुनेने लग्नाला जाऊन जेवावं, वाजवू नये. आमच्या युक्रेनी चर्चमध्ये वाद्य चालत नाही, तिथे नुसता गळा. म्हणजे अख्ख्या गावात व्हेराने बोटं ठेवावीत अशी एकच जागा होती, आणि ती बर्फाच्या वर टांगलेली होती.

नेस्टर गेला त्या आठवड्यातही ती सामन्याला आली. मी म्हटलं, "तेता, आज राहू दे." आमच्याकडे मोठ्या बाईला तेता म्हणायचं, नातं असो नसो.

"घरी बसून भिंतींना ऐकवू का?" ती म्हणाली आणि हातमोजे काढून बसली.

आता त्या पट्टीचं सांगतो. एका हिवाळ्यात ऑर्गनची उजव्या हाताकडची एक पट्टी मुकी झाली. दाबली की निमूट खाली जाते, आवाज नाही. व्हेराने रिंकच्या मॅनेजरला, लाइल प्रोकॉपला, सांगितलं. लाइल माणूस वाईट नव्हता, पण गाणं आणि बर्फ सपाट करायचं यंत्र यांच्या आवाजातला फरक त्याला फारसा कळत नसे.

"एवढ्या पट्ट्या आहेत, तेता. एकीवाचून काय अडलंय?"

"तुझा पुढचा एक दात पाडते, मग सांग काय अडलंय ते."

तो हसला आणि विसरला. दुसरं कोणी असतं तर ती पट्टी चुकवून वेगळ्या सुरात वाजवायला लागलं असतं. मीही तेच सुचवलं, तशी ती माझ्यावरच उखडली. "मी झाकून घेतलं की तो म्हणणार, चाललंय की! भोक दिसू दे गावाला." तेव्हापासून प्रत्येक गाण्यात त्या जागी भोक. आणि बोट मात्र दर वेळी इमानदारीत ती पट्टी दाबायचं.

त्याच सुमारास टिन कॅथीड्रल या बँडचं 'गेट उघड, मार्था' हे गाणं आलं. हे चौघे इंग्लंडचे, केस पाठीवर रुळणारे, आणि त्यांचं ते गाणं त्या वर्षी ट्रकमध्ये, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, दाताच्या डॉक्टरकडे, जिथे जाल तिथे वाजत होतं. सुरुवातीला गिटारचा एक तुकडा येतो. पायरी पायरी करत खाली उतरतो, आणि मग शेवटचा एकच सूर एकदम उंच उडी घेतो आणि तिथेच लांबत राहतो. व्हेराने तो रेडिओवर ऐकून बोटांत बसवला. "पोरं ऐकतात ते वाजवायला नको?" म्हणाली.

पुढच्या सामन्यात शिट्टी झाली आणि तिने तो वाजवला. सूर खाली उतरले, उडी मारायची वेळ आली, आणि नेमकी तीच पट्टी. काहीच नाही. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त आहे समजून पाय टाकावा तसं सगळ्यांचं झालं. त्या शांततेत कोणीतरी, बहुतेक कोपऱ्यातल्या ट्रकवाल्यांपैकी, बाकाखालच्या फळीवर बूट आपटला. धप्प!

पुढच्या शिट्टीला दहा-वीस बूट पडले. हिवाळा सरेपर्यंत सगळं गाव आपटायला लागलं. आमच्या फळ्या जुन्या, खाली पोकळ. एवढ्या माणसांनी एकदम जाड बूट आपटला की पत्र्यावरचं बर्फ घसरून बाहेर पडायचं आणि पाहुण्या संघाचा गोलकीपर दचकून वर बघायचा. तीन हिवाळे हे चाललं. शाळेतल्या पोरांना तर वाटायचं, गाणं मुळात असंच आहे.

"सगळ्यांना ऐकू आलं," व्हेरा सुपाचा घोट घेत म्हणायची, "त्या लाइलला तेवढं येत नाही."

तिसऱ्या हिवाळ्यात लाइलने टेप वाजवायचं यंत्र आणलं. कँटीनच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मोसम संपला की ऑर्गन जाणार. पलीकडच्या गावच्या लुथरन चर्चवाल्यांना पाहिजे आहे. आता बटण दाबलं की झालं, मूळ गाणं मूळ आवाजात. तेता, तुलाही आराम."

"आराम कोणी सांगितलाय मला? डॉक्टरने का तू?"

"काळ बदललाय, तेता."

तिने थर्मास काखेत मारला आणि शिडीकडे वळली. त्या दिवशी सामना संपल्यावर शिडी उतरताना ती मध्येच थांबली. "स्लावको, हा गेला की मी वाजवायचं कुठे रे?" ती खाली उतरून गेली.

आणि मार्चमध्ये अघटित घडलं. टिन कॅथीड्रलचा दौरा तेव्हा कॅनडात होता; ट्रकांचा तांडा घेऊन आज या शहरात, उद्या त्या. पुढच्या शहरातल्या मोठ्या सभागृहात ऐनवेळी काहीतरी भानगड झाली, आणि त्यांचा माणूस हमरस्त्यावरच्या गावागावांत फोन करत सुटला. छप्पर आहे का? वीज आहे का? शनिवार मोकळा आहे का? लाइलने तिन्हींना हो म्हटलं, फोन ठेवला आणि मला विचारलं, "टिन कॅथीड्रल म्हणजे कोण रे?"

गाव वेडं व्हायचं बाकी राहिलं. बर्फावर फळ्या टाकल्या, बायकांनी कँटीनमध्ये पहाटेपासून पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, लाटायला घेतल्या, आणि ज्यांना केस होते त्या सगळ्यांनी ते धुतले. लाइल छाती काढून हिंडत होता. "शनिवारी वर फक्त स्लावको," त्याने व्हेराला बजावलं, "दिव्यांसाठी."

"मी कुठे वाजवणार आहे? माझ्या खुर्चीत बसून ऐकेन. मोसम संपेपर्यंत ती माझीच आहे ना?"

शनिवारी दुपारी ते चौघे कँटीनमध्ये जेवायला आले. गिटारवाला, रॅथबोन, टेबलावर डोकं टेकून पेंगत होता. व्हेराने त्याच्यापुढे पेरोगीचं ताट आदळलं, वर परतलेला कांदा आणि आंबट साय.

"आज कुठलं गाव आहे हे?" त्याने विचारलं.

"आधी ताट संपव, मग सांगते."

त्याने संपवलं. मग खरकट्या काट्याशी चाळा करत म्हणाला, "रोज गाव वेगळं आणि रोज तीच मार्था. बोटं आपोआप जातात. खरं सांगू, वाजवताना मी धुवायला टाकलेल्या कपड्यांचा विचार करत असतो."

"मग आज नीट ऐक," व्हेरा म्हणाली. तो समजला नाही. मीही नाही.

संध्याकाळी रिंकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांखालून बर्फाचा गारठा वर येत होता, गाणाऱ्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या, पण लोक असे ओरडत होते की खोपट्याची काच थरथरत होती. मी बाजूला बघितलं तर ऑर्गनवरचा लाल दिवा लागलेला.

"हे काय, तेता?"

"थंडीत आखडतो बिचारा. नुसता उबेला ठेवलाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी मार्था आली. रॅथबोनने डोळे मिटून तुकडा सुरू केला. सूर पायरी पायरी उतरले, शेवटचा सूर उडी मारणार, आणि सगळ्या गावाने मिळून बूट आपटला.

धप्प!

रॅथबोनचे डोळे खाडकन उघडले. ढोलवाल्याच्या हातातली काडी हवेतच राहिली. गाणं थांबलं. रॅथबोनने आमच्याकडे नीट बघितलं, मला वाटतं त्या दौऱ्यात पहिल्यांदाच, आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. या वेळी शेवटच्या सुरावर त्याने मुद्दाम हात उचलला. धप्प! तो खदखदून हसला.

"अर्धं जग फिरलो हे गाणं घेऊन," तो माइकमध्ये म्हणाला. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

सगळ्या रिंकने मान वळवली. हातमोजे घातलेले शेकडो हात वर, आमच्या खोपट्याकडे, आणि एकच आरडाओरडा: "तेता व्हेरा! तेता व्हेरा!" आयुष्यात एकदाच मी न विचारता बटण दाबलं. मोठा दिवा सरळ तिच्या तोंडावर टाकला.

"अरे, या तर पेरोगीवाल्या बाई!" रॅथबोन म्हणाला. "तुम्ही वाजवता हे?"

व्हेराने खिडकी सरकवली. माइक नव्हता, पण जन्मभर टेलिफोनवर ओरडलेला आवाज होता. "तू शेवटचा सूर उगाच लांबवतोस!"

रिंक हसून हसून फुटायची वेळ आली. रॅथबोनने कमरेत वाकून नमस्कार केला. "मग दाखवा ना."

ती बसली. तिने हातमोजे काढले. मग बोटं पट्ट्यांवर पडली. सूर खाली उतरले, मुकी पट्टी दाबली गेली, आणि बूट असा पडला की पत्र्यावरचं उरलंसुरलं बर्फ धाडकन खाली गेलं. त्यावरच ढोलवाल्याने हाणलं आणि गाणं सुटलं. रॅथबोन एक तुकडा वाजवायचा, वरून व्हेरा उत्तर द्यायची, मध्ये गाव बूट आपटायचं. कपड्यांचा विचार करत असलेला माणूस असा वाजवत नाही. आणि मध्येच तिने कोणाला न सांगता, लहानपणी अकॉर्डियनवर वाजवायची ती लग्नातली नाचाची धून घुसवली. ढोलवाला दात काढत तिच्या मागे धावला. लोकांनी खुर्च्या बाजूला सारल्या, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले आणि फेर धरला. कँटीनच्या बायका एप्रनसकट त्यात, त्यांच्या ट्रकचे ड्रायव्हर त्यात. मी वर बसून ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली.

गर्दी पांगल्यावर शिडी करकरली. लाइल वर आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उंचीची भीती होती त्याला, टोपी हातात चुरगळली होती.

"तेता, सोमवारी माणूस बोलावतो. ती पट्टी दुरुस्त करून घेऊ."

"म्हणजे ऑर्गन राहतोय?"

"राहतोय. तो हलवला तर गाव मलाच हलवेल. लुथरनांना मी सांगतो काहीतरी."

व्हेराने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "मग पट्टीला हात लावायचा नाही."

"अगं, तीन वर्षं तीच पट्टी म्हणून माझं डोकं खाल्लंस!"

"तेव्हा माझी होती. आता गावाची आहे. आणि लाइल, सगळं गाव पाय आपटतं, तू एकदाही आपटला नाहीस. मी वरून बघत असते."

ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत गावभर केली. त्यामुळे पुढच्या सामन्यात पहिली शिट्टी झाली, व्हेराने तुकडा वाजवला, सूर उतरत आले, मुकी पट्टी दाबली गेली, आणि कोणीच पाय आपटला नाही. सगळे कँटीनच्या दाराकडे बघत होते. तिथे लाइल उभा होता. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कानापर्यंत लाल झाला. व्हेराने पट्टीवरचं बोट उचललं नव्हतं.

लाइलने बूट उचलला आणि आपटला. थोडा उशिराच पडला, पण पडला.